एकाच सिनेमाला नव्वद टक्के आणि 'डी प्लस'सुद्धा: सिनेमाची मतं कशी वाचायची, कशी द्यायची

८ जून २०१८ रोजी अमेरिकेत 'हेरेडिटरी' हा भयपट लागला. ॲरी ॲस्टर या दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला आणि 'रॉटन टोमॅटोज' या साइटवर त्याचा आकडा नव्वद टक्क्यांच्या आसपास जाऊन बसला. त्याच वेळी, पहिल्याच दिवशी थिएटरात आलेल्या प्रेक्षकांकडून श्रेणी गोळा करणाऱ्या 'सिनेमास्कोर' या कंपनीने त्याला 'डी प्लस' दिला. म्हणजे नापास होता होता वाचला. आणि साधारण एक कोटी डॉलर खर्चून केलेल्या या सिनेमाने जगभरात आठ कोटींहून जास्त कमावले.

मग हा सिनेमा चांगला, वाईट, की नुसताच हिट?

आपल्याकडे हा प्रश्न दर शुक्रवारी पडतो. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशी लिहिते, 'अजिबात जाऊ नका, डोकं उठलं.' तिचाच मुलगा लिहितो, 'यंदाचा सगळ्यात भारी पिक्चर.' तिकिटाच्या ॲपवर दहापैकी पावणेनऊ दिसतात आणि वर्तमानपत्रात अडीच तारे. डिसेंबर २०२४ मध्ये तर तमिळ निर्मात्यांची एक संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. सिनेमा लागल्यापासून पहिले तीन दिवस ऑनलाइन रिव्ह्यू येऊ देऊ नयेत, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने तसा अंतरिम आदेश द्यायला नकार दिला, पण लोकांच्या मताची धास्ती किती वाढली आहे ते त्यातून दिसलं.

माझं म्हणणं असं की हे आकडे बहुतेक वेळा खोटे नसतात. पण प्रत्येक आकडा वेगळ्या माणसांना, वेगळ्या वेळी, वेगळा प्रश्न विचारून काढलेला असतो. आणि सांगणारा माणूस सिनेमाकडे काय मागायला गेला होता हे कळल्याशिवाय त्याच्या मताचा अर्थ लागत नाही. आधी आकड्यांचं बघू.

टोमॅटोचे टक्के म्हणजे गुण नव्हेत

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फलक झळकतो: 'शाळेचा निकाल ९८ टक्के'. मुलांना सरासरी ९८ टक्के गुण पडले, असा त्याचा अर्थ कुणी काढत नाही. शंभरातली ९८ मुलं पास झाली, एवढंच तो फलक सांगतो. त्यातली कितीतरी पस्तिशीच्या काठावर असू शकतात.

रॉटन टोमॅटोजचा मुख्य आकडा नेमका असाच आहे. १९९८ मध्ये सुरू झालेली ही साइट मान्यताप्राप्त समीक्षकांची परीक्षणं गोळा करते आणि प्रत्येकाला दोनच खणांपैकी एका खणात टाकते: अनुकूल किंवा प्रतिकूल. अनुकूल परीक्षणं शेकडा किती, तेवढे टक्के. साठ किंवा त्याहून जास्त असतील तर लाल टोमॅटो, कमी असतील तर हिरवा डाग.

हिशेब करून बघा. एका सिनेमावर दहा समीक्षकांनी लिहिलं आणि दहाही जणांचं मत, 'बरा आहे, एकदा बघायला हरकत नाही.' प्रत्येकाने दहापैकी सहा दिले. निकाल १०० टक्के. दुसऱ्या सिनेमाला सहा जणांनी पैकीच्या पैकी दिले आणि चौघांनी वैतागून तीन. सरासरी येते ७.२, म्हणजे पहिल्या सिनेमापेक्षा सरस, पण टक्के फक्त ६०. कुणालाही न दुखवणारा सिनेमा या पद्धतीत वर जातो आणि काहींना वेड लावणारा, काहींना संतापवणारा सिनेमा खाली राहतो. मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या सिनेमांवर तिथे मुळात परीक्षणंच थोडी असतात. दहाच असली तर एका माणसाच्या मताने आकडा दहा टक्क्यांनी वरखाली होतो.

त्याच साइटवर प्रेक्षकांचाही एक आकडा असतो. पाचपैकी साडेतीन किंवा जास्त तारे देणारे प्रेक्षक शेकडा किती, हे तो सांगतो. म्हणजे पुन्हा पास झालेल्यांची टक्केवारीच. सरासरी गुण हवे असतील तर 'मेटाक्रिटिक' बघावं. ते परीक्षणांना शंभरपैकी गुण देतं आणि समीक्षकागणिक कमीजास्त वजन देऊन सरासरी काढतं.

आयएमडीबीचे तारे

आयएमडीबी १९९० पासून आहे आणि १९९८ पासून ॲमेझॉनच्या मालकीची. तिथे सामान्य प्रेक्षक दहापैकी गुण देतात. साधी सरासरी काढली तर अडचण येते. निर्मात्याच्या पन्नास नातेवाइकांनी दहा-दहा गुण दिले की तो सिनेमा जगात पहिला ठरेल. म्हणून त्यांच्या सर्वोत्तम २५० सिनेमांच्या यादीसाठी त्यांनी एक सूत्र जाहीर केलं होतं. प्रत्येक सिनेमाच्या खात्यात आधीच २५,००० काल्पनिक मतं आहेत असं धरायचं आणि त्या सगळ्यांनी सर्वसाधारण सिनेमाइतके, समजा ७ गुण दिले असं मानायचं. त्यात खरी मतं मिसळायची.

आता एखाद्या छोट्या सिनेमाला १,००० लोकांनी सरासरी ९.५ दिले तरी सूत्रातून उत्तर येतं ७.१. पाच लाख लोकांनी सरासरी ८.५ दिलेला सिनेमा मात्र ८.४ वर राहतो. छोट्या सिनेमाला हा अन्याय वाटेल, पण मला हे सूत्र शहाणपणाचं वाटतं. थोड्या लोकांच्या मतावर थोडाच विश्वास टाकावा, एवढंच ते म्हणतं. फक्त त्या यादीत न दिसणारा सिनेमा कमअस्सल आहे, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. तो कमी लोकांपर्यंत पोचलेला असू शकतो.

सरासरी आणखी एक गोष्ट लपवते. दहा जणांनी सहा-सहा गुण दिले तरी सरासरी सहा, आणि पाच जणांनी दहा व पाच जणांनी दोन दिले तरी सहाच. पहिला सिनेमा मिळमिळीत, दुसऱ्यावरून घरात भांडणं लागलेली. आयएमडीबीवर आकड्यावर टिचकी मारली की कुणी किती गुण दिले त्याचे दांडे दिसतात. मी हल्ली सरासरीच्या आधी ते दांडे बघतो. दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये खोलगट दिसले की माझं कुतूहल वाढतं.

थिएटरच्या दारातला प्रश्न

सिनेमास्कोर हा वेगळाच प्रकार. लास वेगासच्या एड मिंट्झ यांनी तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केला. अमेरिकेतल्या निवडक शहरांत, सिनेमा लागतो त्या दिवशी प्रेक्षकांच्या हातात छोटं कार्ड दिलं जातं. बाहेर पडताना त्यांनी ते भरून द्यायचं: श्रेणी 'ए प्लस'पासून 'एफ'पर्यंत, शिवाय वय आणि या सिनेमाला का आलात असे थोडे प्रश्न.

पहिल्या दिवशी पैसे मोजून, धडपडत येणारा माणूस त्या सिनेमासाठी आतुरच असतो. तो खूश व्हायलाच आलेला असतो, त्यामुळे इथल्या श्रेण्या एरवीच चढ्या असतात. मोठ्या मनोरंजनपटाला 'बी' मिळाला तरी वितरकाच्या कपाळावर आठी येते. सिनेमा कसा आहे याहीपेक्षा, जे दाखवू असं सांगितलं होतं ते मिळालं का, याचं उत्तर ही श्रेणी देते. आणि उत्तर घेतलं जातं शेवटचं दृश्य डोळ्यांसमोर ताजं असताना. या दोन गोष्टी कळल्या की 'हेरेडिटरी'चं कोडं अर्धं सुटतं.

तीन प्रकारचे सिनेमे, तीन प्रकारचे करार

तिकीट काढताना आपण सिनेमाशी एक अबोल करार करतो. मुख्य धारेच्या सिनेमाशी करार असा: गोष्ट कळेल, जीव कुणात तरी गुंतेल, हसू-रडू येईल आणि शेवटी हिशेब चुकता होईल. भयपटाशी करार असा: मला घाबरव, पण मी सुखरूप आहे हे मला माहीत असू दे. आर्ट-हाउस सिनेमा हे नाव अमेरिकेत परदेशी आणि आडवाटेचे सिनेमे लावणाऱ्या छोट्या थिएटरांवरून पडलं. आपण त्याला फेस्टिव्हलचा किंवा समांतर सिनेमा म्हणतो. त्याच्याशी करार सैल असतो. सगळं समजावून सांगितलं जाईल याची हमी नाही, पण नजर लावून बसलात तर काहीतरी असं दिसेल जे इतरत्र दिसलं नसतं.

गोंधळ होतो तो एका कराराचं तिकीट विकून दुसऱ्या कराराचा सिनेमा दाखवला की. २०११ मध्ये 'ड्राइव्ह' नावाचा सिनेमा आला. कान महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं होतं. ट्रेलर मात्र गाड्यांच्या शर्यतींच्या धमाल सिनेमासारखा कापला होता. मिशिगनमधल्या एका बाई तो बघून आल्या आणि त्यांनी वितरकावर चक्क खटला भरला: ट्रेलरमध्ये दाखवलं तितकं ड्रायव्हिंग सिनेमात नाही. खटला टिकला नाही. पण सिनेमास्कोरवर त्या सिनेमाला 'सी मायनस' मिळाला, समीक्षकांकडे नव्वद टक्क्यांच्या वर. मला त्या बाईंची तक्रार बाष्कळ वाटत नाही. त्यांचं मत सिनेमाबद्दल जितकं होतं, तितकंच ट्रेलरबद्दल होतं, आणि ट्रेलरबद्दल त्या बरोबर होत्या.

भयपटांना दारात कमी गुण का मिळतात?

भीती बघायला माणूस पैसे का देतो, इथून सुरुवात करावी लागेल.

१९४२ च्या 'कॅट पीपल' या अमेरिकी सिनेमातलं एक दृश्य बघण्यासारखं आहे. रात्र. सुनसान रस्ता, एका बाजूला बागेची भिंत. एक तरुणी घाईघाईने चालली आहे. मागून दुसरी बाई येते आहे. दोघींच्या टाचांचा आवाज ऐकू येतो, एकीचा जवळून, दुसरीचा लांबून. मग मागचा आवाज थांबतो. पुढची वळून बघते, कुणी नाही. ती पळू लागते, दिव्याखाली येते, पुन्हा अंधारात जाते. आपण श्वास रोखलेला. आणि एकदम कानाशी फिस्सकन काहीतरी गुरगुरतं. वाटतं, झडप पडली. बघतो तर बस येऊन थांबलेली, तिच्या ब्रेकचा आवाज. त्या क्षणी थिएटर दचकतं आणि लगेच हसतं.

त्या हसण्यात सगळं आहे. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेला विचार असा, की एका कारणाने शरीरात आलेली खळबळ लगेच विरत नाही. धडधड, घाम, ताणलेले स्नायू काही काळ तसेच राहतात आणि पुढच्या भावनेला जोर देतात. भीतीनंतर सुटका आली की तीच धडधड आनंदाच्या खात्यात जमा होते. म्हणून भूत गाडलं गेलं, पोर वाचलं, सकाळ झाली अशा शेवटाचा भयपट बघून लोक खिदळत बाहेर येतात. २०१३ च्या 'द कॉन्ज्युरिंग'ला 'ए मायनस' मिळाला तो असा, असं मला वाटतं.

सुटका आलीच नाही तर? 'हेरेडिटरी'त एका कुटुंबावर दुःख कोसळतं आणि सिनेमा ते झिरपत झिरपत शेवटपर्यंत नेतो. प्रेक्षक दारात येतो तो धडधड घेऊनच. त्याच्या हातात कार्ड आणि पेन्सिल आहे आणि पोटात कालवाकालव. तो 'डी' लिहितो. सिनेमा घाबरवायला जमला नाही म्हणून हा 'डी' आलेला नाही. त्याने घाबरवलं आणि मोकळं सोडलं नाही. आठ दिवसांनी त्याच माणसाला विचारलं तर कदाचित तो म्हणेल, अजून डोक्यातून जात नाही. पण आठ दिवसांनी दारात कुणी कार्ड घेऊन उभं नसतं.

काही वेळा करारच फसवा असतो. २०१७ चा 'इट कम्स ॲट नाइट' नावावरून आणि जाहिरातीवरून वाटायचा राक्षसाचा. सिनेमा निघाला साथीच्या रोगाच्या आणि एकमेकांवरच्या संशयाच्या भीतीचा. रात्री येणारं असं काही त्यात नाहीच. श्रेणी 'डी'. त्याच वर्षी डॅरन ॲरोनोफ्स्कीच्या 'मदर!'ला थेट 'एफ' मिळाला. तेव्हा मार्टिन स्कोर्सेसी यांनी लेख लिहून सिनेमास्कोर आणि रॉटन टोमॅटोज या दोन्हींवर सडकून टीका केली. सिनेमाला असं झटपट मोजू नये, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण प्रसिद्ध नटी पोस्टरवर घेऊन भयपट म्हणून विकलेला सिनेमा बायबलच्या रूपकावर उभा आहे हे तिकीट काढणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या प्रेक्षकाचा राग मला समजतो.

म्हणून भयपटाला दारात 'सी' मिळाला तर बिचकू नये. आणि 'ए' मिळाला तर चमकून बघावं. एप्रिल २०२५ मध्ये रायन कूग्लरच्या 'सिनर्स'ला 'ए' मिळाला, तेव्हा अशी श्रेणी मिळवणारा पस्तीस वर्षांतला तो पहिलाच भयपट म्हणून बातम्या झाल्या.

आपल्या मातीतलं उदाहरण 'तुंबाड'चं. राही अनिल बर्वे दिग्दर्शित हा सिनेमा कोकणातल्या पावसात, पडक्या वाड्यात घडतो. २०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली, पण त्या वर्षी थिएटरात त्याला बेताचीच गर्दी मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लावला, तेव्हा पहिल्या वेळच्या दुपटीहून जास्त कमाई झाली. सिनेमा तोच होता. मधल्या सहा वर्षांत लोकांनी एकमेकांना सांगितलं होतं की भूत बघायला जाऊ नका, हाव बघायला जा. दुसऱ्या वेळी लोक योग्य करार करून गेले. एवढ्या साध्या वाक्याने जे काम केलं ते तारे आणि टक्के करू शकले नव्हते.

'आर्ट सिनेमावाले मुद्दाम कंटाळवाणं करतात'

हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या सिनेमाने २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात दोन पारितोषिकं मिळवली आणि पुढे सर्वोत्कृष्ट सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कारही. एका लोकशाहिरावर मुंबईच्या सत्र न्यायालयात खटला चालतो, ही त्याची गोष्ट. कॅमेरा लांब उभा, फारसा हलत नाही. शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात, पडद्यावर अंधार होतो. सिनेमा संपला असं वाटून प्रेक्षक चपला शोधू लागतो. आणि सिनेमा पुढे चालू होतो. न्यायाधीश सहकुटुंब सहलीला निघाले आहेत. रिसॉर्ट, जेवण, गप्पा, दुपारची डुलकी.

'हे कशाला लांबवलं?' ही तक्रार नेमकी याच भागाबद्दल ऐकू येते. माझ्या मते सिनेमाचा सगळा आशय त्या भागात आहे. एक माणूस तुरुंगात आहे, सुट्टी आहे म्हणून त्याची तारीख लांबणार आहे, आणि तारीख देणारा माणूस तुमच्या-आमच्यासारखा बाकावर पेंगतो आहे. खलनायक कुणी नाही. हे दाखवायचं तर वेळ द्यावाच लागतो. तीस सेकंदांत दाखवलं असतं तर न्यायाधीश दुष्ट वाटला असता आणि आपण नेहमीसारखे रागावून मोकळे झालो असतो.

पण संथपणा म्हणजे आपोआप खोली असंही नाही. महोत्सवांमध्ये असेही सिनेमे येतात ज्यांत माणूस पाच मिनिटं खिडकीबाहेर बघतो आणि त्या पाच मिनिटांत आपल्याला नवीन काही दिसत नाही. तिथे 'कंटाळा आला' हे मत देताना ओशाळू नये. फक्त एवढं तपासावं: लांबलेल्या दृश्यात माझ्या लक्षात काही नवं येत होतं का? येत असेल तर दृश्य काम करतं आहे. येत नसेल तर कापायला हवं होतं, मग दिग्दर्शक कितीही मोठा असो.

पहिल्या खेळातला कंटाळा हा अंतिम निकाल नसतो, हेही इतिहास सांगतो. १९६० च्या कान महोत्सवात मिकेलांजेलो अँतोनिओनी यांच्या 'लाव्हेंतुरा'ची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. बेटावर एक तरुणी हरवते, तिचा शोध सुरू होतो, आणि ती शेवटपर्यंत सापडत नाही. पुढे शोधणारेही तिला विसरू लागतात. लोकांनी रहस्यकथेचा करार केला होता आणि उत्तर मिळालं नाही. त्याच महोत्सवात त्याला परीक्षकांचं पारितोषिक मिळालं आणि १९६२ मध्ये ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा तो दुसऱ्या क्रमांकावर होता. दोन वर्षांत लोकांना कळलं की न सापडणं हीच गोष्ट आहे.

'पैसे प्रेक्षक देतो, मग समीक्षकाचं का ऐकायचं?'

मुख्य धारेच्या सिनेमांवरून हा वाद पेटतो. समीक्षक वर्षाला शेकड्यांनी सिनेमे बघतो. सुडाची तीच गोष्ट, मध्यंतराआधीचा तोच धक्का त्याला पाठ झालेला असतो. वेगळं काही दिसलं की तो मोहरतो आणि ठरलेल्या वाटेवरचा सिनेमा नेटका असला तरी त्याला शिळा लागतो. महिन्याकाठी एखादा सिनेमा, तोही मुलाबाळांना घेऊन बघणाऱ्या माणसाला तीच वाट ताजी असते. दोघंही खरं बोलतात. समीक्षकाकडून सिनेमा कसा घडवला आहे ते कळतं, आणि शनिवारची संध्याकाळ कशी जाईल ते शेजाऱ्याकडून जास्त चांगलं कळतं.

आणि मुख्य धारेतलं कसब कमी लेखू नये. २०१६ चा 'सैराट' आधी बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि मग गावोगावच्या पडद्यांवर त्याने मराठी सिनेमाचे कमाईचे विक्रम मोडले. गाण्यांवर लोक नाचले आणि शेवटाला थिएटर सुन्न झालं. एकाच सिनेमाने दोन करार पाळले. फेस्टिव्हलचा की धंद्याचा, ही विभागणी अशा वेळी कुचकामी ठरते.

आकड्यांत लबाडी होते का?

होते. सप्टेंबर २०२३ मध्ये 'व्हल्चर' या न्यूयॉर्कच्या प्रकाशनाने बातमी दिली की एक प्रसिद्धी संस्था फारशा परिचित नसलेल्या समीक्षकांना पैसे देऊन परीक्षणं लिहून घेत होती. त्या काळात एका सिनेमाचा आकडा ४६ वरून ६२ टक्क्यांवर गेला होता. साठची रेघ ओलांडली की हिरव्या डागाचा लाल टोमॅटो होतो, हे आठवा. जिथे काठावर पास-नापास ठरतं तिथे काठावरची चार-सहा मतं विकत घ्यायचा मोह होतोच. उलट बाजूने, सिनेमा लागायच्या आधीच टोळीने येऊन खालचे गुण देण्याचे प्रकारही झाले. म्हणून २०१९ मध्ये रॉटन टोमॅटोजने प्रदर्शनाआधी प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घेणं बंद केलं आणि तिकीट खरोखर काढलेल्यांची मतं वेगळी दाखवायला सुरुवात केली. पहिल्या दोन दिवसांत सगळीच मतं दहापैकी दहा किंवा एक अशी दिसली, तर आठवडाभर थांबून बघावं.

मग मत द्यायचं कसं?

'आवडला, नावडला' एवढ्याने ऐकणाऱ्याला काही कळत नाही, कारण त्याची आवड तुमची नाही. त्याला उपयोगी पडतं ते वेगळंच. एक नमुना देतो: 'मी भुताचा सिनेमा म्हणून गेलो होतो. पहिला तास घरातली भांडणंच आहेत, भूत जवळजवळ नाही. दचकवणारे प्रसंग दोनच. पण आईचं काम करणारी नटी जेवणाच्या टेबलावर ओरडते ते दृश्य अंगावर येतं. शेवट सुखाचा नाही. लहान मुलांना नेऊ नका. मला झोप लागली नाही, तरी मी पुन्हा बघेन.' हे वाचून एक जण तिकीट काढेल आणि दुसरा काढणार नाही, आणि दोघांचाही निर्णय बरोबर ठरेल. यात काय अपेक्षा होती, काय दिसलं आणि मला काय वाटलं हे वेगवेगळं ठेवलं आहे. 'झोप लागली नाही' ही त्याची गोष्ट, 'पहिला तास भूत नाही' ही सिनेमाची.

भयपटाबद्दल बोलताना शेवट सुखाचा आहे की नाही इतपत सांगावं, काय होतं ते सांगू नये. आर्ट-हाउसबद्दल उलट. तिथे कथा सांगितल्याने सहसा काही बिघडत नाही, उलट समोरच्याची तयारी होते. मुंबईत प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या १९६० च्या दशकापासून सिनेमे दाखवत आणि त्यांवर चर्चा घडवत आल्या आहेत. आवडनिवड ही चर्चेची सुरुवात असते, शेवट नव्हे, हे मराठी प्रेक्षकांच्या एका पिढीला तिथे उमगलं.

तीन दिवस गप्प बसावं का?

निर्मात्यांची भीती अगदीच निराधार नाही. मोठ्या सिनेमाचा बराचसा धंदा पहिल्या तीन दिवसांत होतो आणि कॅमेऱ्यासमोर थिएटरबाहेर आरडाओरडा करणाऱ्या चार जणांमुळे तो बिघडू शकतो. पण पहिल्या तीन दिवसांतला शांतपणा कुणाला वाचवतो ते बघा. भरमसाठ जाहिरात केलेल्या, हजारो पडद्यांवर लागलेल्या सिनेमाला. लोकांना कळायच्या आत त्याचे पैसे वसूल होतात.

छोट्या मराठी सिनेमाचं उलट असतं. त्याला मल्टिप्लेक्समध्ये दिवसाला एखाददुसरा खेळ मिळतो, तोही पुष्कळदा दुपारचा. जाहिरातीला पैसे नसतात. सोमवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की खेळ काढून दुसऱ्या सिनेमाला देतात. त्याच्याकडे बघून आलेल्या माणसाचं तोंड एवढंच साधन असतं आणि त्याला रविवारपर्यंतचीच मुदत असते. तेव्हा असा सिनेमा शुक्रवारी बघितलात तर शनिवारी सकाळीच ग्रुपवर लिहा: कोणत्या थिएटरला, किती वाजताचा खेळ, काय अपेक्षेने जावं. आवडला नसेल तर तेही लिहा, पण का ते एका ओळीत सांगा. तुम्हाला ज्या कारणाने तो आवडला नाही, त्याच कारणासाठी तुमच्या ग्रुपमधलं कुणीतरी तिकीट काढेल.